ओटीपोटाच्या तळाची दुखणी : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

पाळी जाण्याच्या वयाविषयी या सदरात लिहिले, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरत होती. कोणाला खोकताना लघवी सुटते, कोणाचे अंग बाहेर येते, कोणाला मायांगाजवळ सतत जड वाटते. बहुतेकींनी 'हे कोणाला सांगितलेले नाही' असे आवर्जून लिहिले आहे. म्हणून या वेळचे सदर त्याच पत्रांसाठी ठेवले आहे. पत्रलेखिकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी शरीराची रचना थोडी समजून घेऊ. पुढच्या बाजूच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांना ही झोळी खालून आधार देते. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदद्वार या तिन्ही वाटा तिच्यातूनच बाहेर पडतात. वैद्यकीय मराठीत हिला श्रोणितल म्हणतात आणि दवाखान्यात 'पेल्विक फ्लोअर' हाच शब्द कानावर पडतो. आपण खोकतो, हसतो किंवा हंडा उचलतो तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो आणि निरोगी झोळी त्याच क्षणी आपोआप आवळली जाते. योनिमार्गाने बाळंतपण होताना या स्नायूंचा सर्वांत आतला भाग मूळ लांबीच्या सुमारे तिप्पट ताणला जातो. इतका ताण सोसूनही बहुतेक स्त्रियांचे स्नायू बऱ्याच अंशी पूर्ववत होतात, हेच खरे आश्चर्य आहे. काहींचे मात्र होत नाहीत, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नसतो.

प्रश्न : मी ३८ वर्षांची प्राथमिक शिक्षिका आहे. माझी दोन्ही बाळंतपणे नॉर्मल झाली आणि दुसरे बाळ जवळजवळ चार किलोचे होते. खोकला, शिंक किंवा मुलांबरोबर उडी मारली की लघवीचे थेंब सुटतात. शाळेत मी पॅड वापरते आणि दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. लघवी करताना ती मध्येच थांबवायचा व्यायाम मैत्रिणीने सांगितला आहे. तो करू का?

आधी पाण्याविषयी सांगते. पाणी कमी प्यायल्याने लघवी गडद आणि दाट होते. तिने मूत्राशयाची जळजळ वाढते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो आणि बद्धकोष्ठ होऊन कुंथावे लागते, म्हणजे ज्या स्नायूंना जपायचे त्यांच्यावरच भार पडतो. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी थोडे थोडे प्यावे. अनेक शाळांत शिक्षिकांसाठी धड स्वच्छतागृह नसते, हे मी जाणते. स्वच्छ आणि मोफत मुतारीच्या हक्कासाठी मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' ही मोहीम उभी राहिली, ती याच अडचणीतून. शाळेकडे ही मागणी करणे हाही आपल्या उपचाराचाच भाग आहे.

आपल्याला होणारा त्रास म्हणजे ताणामुळे लघवी सुटणे. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो आणि त्याला खालून मिळणारा आधार सैल पडला की पोटातल्या अचानक दाबापुढे तो मिटून राहू शकत नाही. यावर पहिला उपचार व्यायामाचाच आहे, मात्र मैत्रिणीने सांगितला तसा नव्हे. कोणता स्नायू आवळायचा हे ओळखण्यासाठी एखाद्या वेळी धार थांबवून पाहिली तर हरकत नाही. पण रोज तसे केल्यास मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय लागते.

व्यायाम असा करावा. पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत. चारचौघांत बसले असताना वायू आणि लघवी एकाच वेळी रोखून धरायची आहे अशी कल्पना करून ती जागा आत आणि वर ओढून घ्यावी. या वेळी नितंब, मांड्या आणि पोट सैल असावे आणि श्वास चालू राहावा. जमेल तितके सेकंद धरून ठेवावे, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे. सुरुवातीला तीन-चार सेकंदच जमतील, हळूहळू आठ-दहापर्यंत जाता येईल. असे किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा करावे. नंतर हाच व्यायाम बसून आणि उभ्यानेही करावा, कारण शिंक झोपल्यावरच येते असे नाही. त्याखेरीज शिंक किंवा खोकला येतो आहे असे जाणवताच आधी आवळून घ्यायची आणि मग खोकायचे, ही सवय लावून घ्यावी. काहींना या एका सवयीनेच काही आठवड्यांत फरक दिसतो.

हे सगळे निदान तीन महिने नेटाने करायचे आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड किगल यांनी हे व्यायाम १९४८ साली वैद्यकीय नियतकालिकातून मांडले, म्हणून त्यांना किगलचे व्यायाम म्हणतात. स्नायू खरोखर आवळला जातो की नाही हे मोजण्यासाठी किगल यांनी एक उपकरणही वापरले होते. आज आपण व्यायाम लक्षात ठेवला आणि मोजणे मात्र विसरलो. आवळायला सांगितले असता बऱ्याच स्त्रिया उलट खाली जोर देतात, आणि त्यांच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून एकदा तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून किंवा या विषयातील फिजिओथेरपिस्टकडून आतून बोटाने तपासून घ्यावे. योगाभ्यास करणाऱ्यांना मूलबंधाची, म्हणजे खालची जागा आत-वर आवळून धरण्याच्या क्रियेची, ओळख असल्याने ही जागा लवकर सापडते, मात्र इथे श्वास रोखायचा नाही.

वजन जास्त असेल तर ते उतरवणे हाही उपचार आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांत सरासरी आठ टक्के वजन कमी केलेल्या स्त्रियांमध्ये लघवी सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले. केवळ माहिती दिलेल्या गटात हीच घट २८ टक्के होती. सत्तर किलोच्या बाईने साडेपाच किलो उतरवले तर एवढा फरक पडू शकतो. तीन महिन्यांनंतरही त्रास राहिलाच तर मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्यासारखी शस्त्रक्रिया असते, पण तिचा विचार आणखी मूल नको हे ठरल्यावर करणे बरे.

प्रश्न : वय ५६. घराच्या कुलपात किल्ली घालते न घालते तोच लघवीची इतकी घाई होते की दारातच कपडे ओले होतात. रात्री तीन-चारदा उठावे लागते. किगलचे व्यायाम करून फारसा उपयोग झाला नाही.

हा पहिल्या पत्रापेक्षा वेगळा प्रकार आहे. इथे मूत्राशय पुरेसे भरण्याआधीच आकुंचन पावू लागते. किल्ली, नळाचा आवाज किंवा थंड पाण्याचा स्पर्श अशा खुणांशी ती घाई जोडली जाते. आधी लघवीची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी करून घ्यावी, कारण जंतुसंसर्ग आणि मधुमेह दोन्ही अशीच लक्षणे दाखवतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. संध्याकाळनंतरचा चहा बंद करावा.

यानंतर मूत्राशयाला वळण लावायचे असते. तीन दिवस वहीत लिहून काढावे : किती वाजता लघवीला गेले, अंदाजे किती झाली, काय प्यायले. समजा दर तासाला जावे लागते, तर पहिल्या आठवड्यात सव्वा तासाचे अंतर ठेवावे, मग दीड तासाचे. घाई आली की धावत न सुटता जागीच बसावे, चार-पाच वेळा झटपट आवळून सोडावे आणि लाट ओसरली की शांतपणे उठावे. याला किमान सहा आठवडे द्यावे लागतात. त्यानंतरही गरज वाटली तर औषधे आहेत. काहींनी तोंड कोरडे पडते आणि बद्धकोष्ठ होते, तर एका प्रकारच्या गोळीने रक्तदाब वाढू शकतो. म्हणून दुसरीची गोळी मागून घेऊ नये.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. गेली दहा वर्षे त्यांचे अंग बाहेर येते, हे त्यांनी मागच्या महिन्यात प्रथमच मला सांगितले, तेही लुगड्याला रक्ताचा डाग दिसला म्हणून. लघवीला बसल्यावर बोटाने अंग आत ढकलावे लागते, मगच लघवी होते. त्यांना हृदयाचा त्रास असल्याने घरातले सगळे ऑपरेशनला घाबरतात. 'आता किती दिवस राहिलेत माझे' म्हणून त्या दवाखान्यात यायला तयार नाहीत.

आपल्या सासूबाईंनी दहा वर्षांनी तोंड उघडले आणि आपल्यापाशी उघडले, हा विश्वास आपण आधी जपा. त्यांना ऑपरेशनसाठी न्यायचे नाही, फक्त दाखवायला न्यायचे आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा. शक्य असल्यास स्त्री डॉक्टर शोधा आणि तपासणीच्या वेळी त्यांचा हात धरून आपण स्वतः आत थांबा.

रक्ताच्या डागाकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. बाहेर आलेला भाग कपड्याला घासून त्यावर व्रण होतो आणि त्यातून रक्त येते, हे कारण सर्रास आढळते. पण पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेले रक्त कर्करोगाची शक्यता तपासल्याशिवाय कधीही सोडून देऊ नये. त्यासाठी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आणि सोनोग्राफी लागेल, आणि गरज पडल्यास छोटासा तुकडा काढून तपासावा लागेल. अंग आत ढकलल्याशिवाय लघवी होत नाही, याचा अर्थ मूत्राशयही खाली उतरून मूत्रमार्गाला मुरड पडली असावी. लघवी साचून राहिली तर पुन्हा पुन्हा संसर्ग होतो आणि दुर्लक्षित राहिलेल्या मोठ्या अंगबाहेरपणात मूत्रपिंडांवरही दाब येऊ शकतो. म्हणून लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी उरते तेही सोनोग्राफीत पाहून घ्यावे.

अंग बाहेर येणे म्हणजे नेहमी गर्भाशयच खाली येणे असे नाही. पुढची भिंत ढिली पडली तर मूत्राशय उतरते, मागची पडली तर मलाशय, आणि कित्येकदा तिन्ही थोडे थोडे. डॉक्टर कुंथायला सांगून योनिमुखाच्या मानाने कोणता भाग किती सेंटिमीटर वर किंवा खाली आला हे मोजतात आणि त्यावरून शून्य ते चार अशी पायरी ठरवतात. पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या कित्येक स्त्रियांना काहीच त्रास नसतो आणि त्यांना व्यायामाखेरीज काही करावे लागत नाही. सासूबाईंची पायरी वर्णनावरून पुढची दिसते, तिथे केवळ व्यायामाने अंग वर जाणार नाही.

तरीही ऑपरेशन हा एकच मार्ग नाही. सिलिकॉनची रिंग, म्हणजे पेसरी, योनिमार्गात बसवली की ती खाली आलेल्या अवयवांना टेका देते. ती दवाखान्यात काही मिनिटांत, भूल न देता बसवतात. माप बरोबर असेल तर आत काही आहे हे जाणवतही नाही. साधारण तीन ते सहा महिन्यांनी ती काढून, धुऊन, आत कुठे घासले नाही ना हे पाहून पुन्हा बसवायची असते. एवढी एक शिस्त घरच्यांनी पाळायला हवी, कारण विसरून राहिलेली रिंग आत रुतून जखम करू शकते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आधी व्रण बरा करण्यासाठी आणि कोरडी पडलेली त्वचा सुधारण्यासाठी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे मलम आतून लावायला देतात. त्याचा फारच थोडा अंश रक्तात जातो, तरी स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी सांगावे. हृदयरोगी, वृद्ध किंवा ऑपरेशन नको असणाऱ्या स्त्रीसाठी रिंग हा उत्तम उपाय आहे. आपल्याकडे तो फार कमी सुचवला जातो याचे मला वाईट वाटते.

ऑपरेशन करायचे ठरलेच तर ते खालून, कमरेत सुई देऊनही करता येते. त्यात गर्भाशय काढून पुढच्या-मागच्या भिंतींची डागडुजी करतात, किंवा अतिवृद्ध स्त्रीचा शरीरसंबंध थांबलेला असेल तर योनिमार्ग मिटवण्याची तुलनेने लहान शस्त्रक्रिया करतात. पुढे काही वर्षांनी एखादी भिंत पुन्हा ढिली पडण्याची शक्यता उरते, हे आधीच समजून घ्यावे. योनिमार्गातून आधारासाठी कृत्रिम जाळी बसवण्याविषयी कोणी सुचवले तर जरूर प्रश्न विचारा. जाळी उघडी पडणे आणि दुखणे अशा तक्रारींनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये अंगबाहेरपणासाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवायला लावली.

या संदर्भात तरुण वाचकांसाठी थोडे विषयांतर करते. लवकर झालेली लग्ने, लागोपाठची बाळंतपणे आणि बाळंतपणानंतर लगेच पडणारी कष्टाची कामे यांमुळे आपल्याकडे विशी-तिशीतही अंग बाहेर येते. अशा वेळी गर्भाशय काढून चालत नाही. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयमुखाला घालायच्या टाक्यासाठी जगभर ओळखले जातात, पण गर्भाशय राखून ते पट्टीने टांगून धरण्याची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने शिकवली जाते. मुंबईच्याच पुरंदरे यांच्या नावाची दुसरी शस्त्रक्रिया गर्भाशयाचे मुख पोटाच्या पुढच्या भिंतीशी बांधते. 'पिशवी काढल्याशिवाय गत्यंतर नाही' असे तिशीतल्या मुलीला सांगितले जाईल तेव्हा या मातीतच घडलेले हे पर्याय तिने आठवावेत.

प्रश्न : मी २९ वर्षांची, संगणक क्षेत्रात काम करणारी. लग्नाला दीड वर्ष झाले. शरीरसंबंधाच्या वेळी असह्य दुखते. मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी रोज दोनशे वेळा किगल करते, पण दुखणे वाढले आणि आता लघवी सुरू व्हायलाही वेळ लागतो.

किगल आजपासून बंद करा. आपली झोळी बहुधा ढिली पडलेली नसून सतत आवळलेली असावी. मूठ दिवसभर घट्ट मिटून ठेवली तर हात दुखतो आणि काही धरताही येत नाही, तसेच हे आहे. भीती, वेदना, लघवी तासन्‌तास रोखून बसणे किंवा जुना संसर्ग यांतून हे स्नायू आकसतात, आणि मग वेदनेच्या धाकाने आणखी आकसतात.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडून संसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणे) आणि योनिमुखाच्या त्वचेचे विकार नाहीत याची खात्री करून घ्यावी. उपचाराचा गाभा सैल सोडायला शिकणे हा आहे. उताणे झोपून गुडघे छातीकडे घ्यावेत, श्वास पोटात खोल घ्यावा आणि श्वास आत येताना खालची जागा फुलते आहे असे जाणवू द्यावे. फिजिओथेरपिस्ट हे हाताने शिकवतात आणि पुढे लहान ते मोठ्या मापाचे डायलेटर, म्हणजे योनिमार्गाला हळूहळू सैल व्हायची सवय लावणाऱ्या गुळगुळीत नळ्या, वापरायला देतात. दुखत असताना संबंध रेटू नयेत. हे पतीला आपण सांगणे कठीण जात असेल तर डॉक्टरांसमोर दोघांनी मिळून बसावे. मन खंबीर नाही म्हणून हे होते असे कोणी म्हणाले तर ऐकू नका, कारण आकसलेला स्नायू तपासणीत बोटाला प्रत्यक्ष लागतो.

प्रश्न : नॉर्मल बाळंतपणात मोठे टाके पडले. आता सहा महिने झाले, वायू रोखता येत नाही. हे आपोआप जाईल का?

सहा महिन्यांनंतर वाट पाहू नका. गुदद्वाराभोवतीचा स्नायू फाटला असल्यास तो शिवल्यानंतरही अशी तक्रार राहू शकते. प्रसूतीच्या कागदावर तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीची, म्हणजे या स्नायूपर्यंत गेलेली, जखम लिहिली आहे का ते पाहा. तो कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गुदद्वाराच्या आतून केलेल्या सोनोग्राफीत स्नायू किती सांधला हे दिसते. पुढच्या बाळंतपणाचा मार्गही त्यावरून ठरवायचा असतो. तोवर शौच घट्ट होऊ देऊ नका, आणि कमोड वापरत असाल तर पायाखाली वीतभर उंचीचे स्टूल ठेवा, म्हणजे उकिडवे बसल्यासारखी वाट सरळ होते.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात आशा स्वयंसेविका आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, लघवी सुटते अशा तक्रारी सांगतात आणि 'पिशवी काढून टाकली म्हणजे कटकट मिटेल' म्हणतात. मी त्यांना काय सांगू?

आपल्या जिल्ह्याचा आकडा आपल्याला ठाऊक असेलच. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला, त्यानंतर झालेल्या सर्वेक्षणात बीडच्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. डोक्यावर उसाची मोळी घेऊन गाडीत चढायचे, फडात ना मुतारी ना पाणी, आणि एक दिवस गेली नाही तर खाडा कापला जाणार, अशा जगण्यात पिशवी काढणे हाच सुटकेचा मार्ग वाटला, तर त्या बायकांना बोल लावता येत नाही. पण त्यांना खरे सांगितलेच पाहिजे.

लघवी सुटणे गर्भाशयामुळे होत नाही, म्हणून ते काढल्याने थांबत नाही. पांढरे जाणे बहुतेक वेळा औषधाने बरे होते. गर्भाशय काढल्यावर योनिमार्गाचे वरचे टोक पुढे कधीतरी खाली येऊ शकते, आणि मोळ्या उचलणे तर चालूच राहणार. त्यासोबत अंडाशयेही काढली तर तिशीतच पाळी गेल्याचे सगळे परिणाम, हाडे ठिसूळ होण्यापर्यंतचे, सोसावे लागतात. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. त्या बायकांना औषध मिळण्याआधी कोणीतरी तपासणे गरजेचे होते, आणि आपल्या गावातल्या बायकांनाही आज तेच हवे आहे.

आपण प्रत्येकीला तीन गोष्टी विचाराव्यात : खोकताना लघवी सुटते का, खाली काही गोळा लागतो का, आणि लघवी अधूनमधून सुटते की रात्रंदिवस गळतच राहते. पहिल्या दोन तक्रारींसाठी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी, आणि तोवर वर सांगितलेला व्यायाम, एवढे पुरे. शस्त्रक्रिया सुचवली गेलीच तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नये.

तिसरीचे उत्तर 'सतत गळते' असे आले, विशेषतः अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा पिशवी काढल्यानंतर, तर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडल्याची शंका घ्यावी. अशा बाईच्या अंगाला वास येतो म्हणून तिला घरातही वेगळे बसवतात. तिला व्यायाम सांगून घरी पाठवू नका. हे भोक शस्त्रक्रियेने शिवता येते. तिला जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यायला हवे, आणि शक्य असेल तर आपण स्वतः तिच्याबरोबर जा. याशिवाय लघवी अजिबात न होणे, लघवीत रक्त दिसणे, किंवा बसण्याची जागा बधिर होऊन पायांतली शक्ती जाणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.